नेलगन खिळा अर्धवट ठोकते? रेग्युलेटर फिरवण्याआधी हे तपासा

कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी चौकटींच्या) शेडमधून असो, की साताऱ्याच्या फर्निचरवाल्यांकडून, हवेच्या दाबावर चालणाऱ्या नेलगनबद्दल मला येणाऱ्या बहुतेक फोनची सुरुवात एकच असते. "गन खिळा पूर्ण मारत नाही, डोकं वर राहतंय." आणि लगेच पुढचं वाक्य, "प्रेशर आठ किलोवर नेलं, तरी तसंच." तक्रार पहिल्या वाक्यात असते, पण मला काळजी दुसऱ्या वाक्याची वाटते.

खिळा अर्धवट राहण्याचं कारण बहुतेक वेळा गनमध्ये नसतंच. ते गनपर्यंत पोचणाऱ्या हवेत असतं. रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब कमी-जास्त करायचा नॉब, फिरवला की दोष तात्पुरता झाकला जातो. मग कडक फळीनंतर एखादी मऊ फळी येते आणि तोच खिळा आरपार जातो. फळीखाली हेल्परचा हात असेल तर तो हातात जातो. म्हणून खाली दिलेला क्रम पाळा. आधी फुकटातलं तपासायचं, मग स्वस्तातलं, आणि गन उघडायची ती सगळ्यात शेवटी.

लक्षणं नीट बघा

"गन बिघडली" एवढ्यावरून काही कळत नाही. नेमकं काय होतंय ते पाच मिनिटं शांतपणे बघा.

पहिले चार-पाच खिळे नीट बसतात आणि नंतरचे वर राहतात? थोडं थांबलं की परत नीट बसतात? मग हवा कमी पडतेय. गनला हात लावू नका.

पहिल्या खिळ्यापासून सगळेच सारखे वर राहतात? तर लाकूड, खिळ्याची लांबी, खोलीची सेटिंग किंवा झिजलेली ड्रायव्हर ब्लेड. ड्रायव्हर ब्लेड म्हणजे आत खिळ्यावर आपटणारी पोलादी पट्टी.

आवाज होतो, लाकडावर ठोक्याची खूण उमटते, पण खिळाच नाही? कॉइल (तारेने जोडलेल्या खिळ्यांची गुंडाळी) किंवा खिळ्यांची पट्टी पुढे सरकत नाही. मॅगझिनमध्ये, म्हणजे खिळे भरायच्या कप्प्यात, भुसा, वाकलेला खिळा नाहीतर थकलेली स्प्रिंग सापडेल.

गन नुसती टेबलावर ठेवली तरी सूं सूं हवा गळते? कुठून गळते ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एका दाबात दोन खिळे सुटतात? तर तिथेच काम थांबवा. या लक्षणावर "संध्याकाळपर्यंत चालवून घेऊ" चालत नाही. याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

अर्धवट बसलेल्या खिळ्याचं डोकंही बघा, भिंगाची गरज नाही. डोक्याच्या मधोमध चपटी खूण असेल तर ब्लेड सरळ बसतेय. कडेला चंद्रकोरीसारखी खूण असेल तर ब्लेडचं टोक झिजलंय किंवा खिळा नळीत सरळ उभा राहत नाही. एवढ्याशा खुणेवरून पुढचा तासभर वाचतो.

हात लावण्याआधी

पाइप काढा. ट्रिगरवरून बोट काढलं म्हणजे झालं असं नाही, कॉम्प्रेसर बंद केला म्हणजेही नाही. टाकीत हवा असते आणि ती गनपर्यंत पोचलेली असते. आधी पाइप काढायचा, मग खिळे काढायचे, मग बघायला बसायचं. अडकलेला खिळा पक्कडीने ओढताना पाइप जोडलेला असला तर खिळा सुटताक्षणी गन उडू शकते.

इथेच एक गोष्ट तपासा, कारण बऱ्याच शेडमध्ये ती उलटी बसवलेली दिसते. गनच्या मागे नुसती निपल (आत घुसणारा जोड) हवी, आणि कपलर (निपल पकडणारा जोड) पाइपच्या टोकाला. कपलरमध्ये झडप असते. ती पाइपच्या टोकाला असली की पाइप काढताच गनमधली हवा बाहेर निघून जाते. कपलर गनलाच बसवला तर पाइप काढल्यावरही गनमध्ये हवा अडकून राहते, आणि सुटी दिसणारी गन आणखी एक खिळा मारू शकते. निपल आणि कपलरची अदलाबदल दहा मिनिटांचं काम आहे. बाकी काही केलं नाही तरी हे आज करा.

चष्मा बाजूने बंद असलेला घाला, कानात प्लग घाला. गनच्या ठोक्याचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. दिवसभर ऐकला तर कान हळूहळू जातात आणि ते परत येत नाहीत.

१. लाकूड आणि खिळा

याला पैसे लागत नाहीत, म्हणून हे पहिलं. पाइनची किंवा आंब्याची एक कोरडी, बिनगाठीची फळी घ्या आणि त्यात पाच-सहा खिळे मारा. तिथे नीट बसले तर गन चांगली आहे, माल कडक आहे. आपल्याकडे पॅलेटला जंगली लाकूड येतं, एकाच गाडीत बाभूळ, निलगिरी, आंबा, कडुनिंब मिसळलेलं. आंब्यावर लावलेलं प्रेशर बाभळीला पुरत नाही. माल आधी वेगळा लावून घ्या. एक ढीग कडक, एक ढीग मऊ, आणि प्रेशर ढीग बदलताना एकदाच बदला.

गाठीवर खिळा मारू नका. गाठीला लागून खिळा वळतो आणि फळीच्या बाजूने बाहेर येतो. जुन्या पॅलेटची दुरुस्ती करताना आतल्या जुन्या खिळ्यावर नवा खिळा आदळला तरी हेच होतं. म्हणून खिळ्याच्या जागेपासून दुसरा हात किमान बारा इंच लांब ठेवायचा. पॅलेटच्या टेबलावर समोरासमोर दोघं उभे असतील तर फळी धरणाऱ्याचा हात खिळ्याच्या रेषेत येतो. क्लॅम्प लावा नाहीतर जिग (फळ्या जागेवर धरणारा साचा) बनवा, लाकडी पट्ट्यांची जिग अर्ध्या दिवसात होते.

खिळाही बघा. आटे किंवा रिंग पाडलेला खिळा साध्या खिळ्यापेक्षा जास्त जोर मागतो. डबा बदलला आणि तक्रार सुरू झाली असेल तर उत्तर डब्यात आहे. आणि गनच्या नंबरप्रमाणेच खिळा घ्या. F30 ला ३० मिमीपर्यंतचा ब्रॅड (बारीक खिळा), ST64 ला ६४ मिमीपर्यंतचा काँक्रीटचा खिळा. "बसतोय ना, मग चालतोय" हा हिशोब नळी अडकवतो.

खोली कमी-जास्त करायचं चाक किंवा स्क्रू असेल तर तोही फिरवून बघा. धक्क्यांनी तो आपोआप सरकतो.

२. गेज, पण गन चालू असताना

सगळे गेज बघतात, पण गन थांबलेली असताना. तेव्हा तो सहा किलोच दाखवणार. एकाला गेजसमोर उभं करा आणि दुसऱ्याने सलग आठ-दहा खिळे मारा. काटा सहावरून चारवर येत असेल आणि परत चढायला वेळ लागत असेल तर तुमचा दोष सापडला. शक्य असेल तर एक छोटा गेज गनजवळ टी लावून बसवा. टाकीजवळच्या गेजला पाइपमधली गळती आणि घर्षण दिसत नाही.

बहुतेक कॉइल गन ७० ते १२० पीएसआयवर चालतात, म्हणजे आपल्या भाषेत पाच ते सव्वाआठ किलो. नेमका वरचा आकडा गनवर कोरलेला असतो. तो झिजला असेल तर माहितीपत्रकात बघा, पण अंदाजाने ठरवू नका. त्या आकड्यापुढे गेल्यावर आतला रबरी बंपर फुटतो, गनच्या डोक्यावरच्या कॅपला तडा जातो, आणि खिळा किती खोल जाईल यावर कुणाचाच ताबा राहत नाही.

दुपारी व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर हळू भरतो. सकाळी गन उत्तम आणि दोन वाजता रडते, असं असेल तर हेच तपासा. एक एचपीच्या कॉम्प्रेसरवर ब्रॅड गन आरामात चालते. त्याच्यावर दोन कॉइल गन लावून सलग पॅलेट मारायचे म्हटलं तर कुठलीही दुरुस्ती त्याला पुरी पडणार नाही.

३. टाकीतलं पाणी

जून ते सप्टेंबर माझं निम्मं काम यातच जातं. हवा दाबली की गरम होते, टाकीत थंड होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. पावसाळ्यात हवेतच ओल जास्त, म्हणून पाणीही जास्त. टाकीखालचा ड्रेन कॉक उघडल्यावर चहाच्या रंगाचं पाणी निघालं तर ते गंजाचं आहे, आणि त्यातलं थोडं रोज गनमध्ये जातंय. गनची कॅप उघडल्यावर आत पांढरट, दुधासारखा लगदा दिसला तर ते तेलात मिसळलेलं पाणी. असा लगदा झाला की ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला, तेल मिळत नाही, ती कोरडी पडते, तिला चीर जाते, आणि मग ओ-रिंग बदलण्याचा खर्च येतो.

ड्रेन रोज काम संपताना काढा, पावसाळ्यात दुपारीही. टाकीत थोडं प्रेशर असताना कॉक हळूहळू उघडा, आपलं तोंड बाजूला ठेवा. फिल्टरचं भांडंही रिकामं करा. फिल्टरच नसेल तर आधी तो बसवा. गनच्या दुरुस्तीपेक्षा तो नक्कीच स्वस्त पडतो.

४. पाइप आणि जोड

आठ मिमीच्या निळ्या पीयू पाइपचं बाहेरचं माप आठ असतं, आतलं भोक पाच-साडेपाचच. अशा पाइपचं मोठं वेटोळं शेडभर फिरवून टोकाला कॉइल गन जोडली की मागे सात किलो आणि पुढे उपासमार. कॉइल गनला आतून आठ ते दहा मिमीचा रबरी पाइप घ्या आणि लागेल तेवढ्याच लांबीचा ठेवा. स्पायरल पाइप ब्रॅड गनला ठीक आहे.

साबणाचं पाणी जोडांवर टाका, फुगे आले की तिथे गळती. टेफ्लॉन टेप बदला. कपलर झिजला असेल तर त्याची दुरुस्ती करत बसू नका, नवा घ्या.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. फॅब्रिकेशन शेजारी असलं की कॉम्प्रेसर बंद पडल्यावर कुणीतरी ऑक्सिजनच्या सिलेंडरला पाइप जोडायचं सुचवतं. कधीही नाही. गनमध्ये तेल असतं, आणि दाबाखालचा ऑक्सिजन व तेल एकत्र आले की स्फोट होतो. कुठलाही बाटलीतला गॅस गनला लावायचा नाही. फक्त हवा.

५. तेल

कामाच्या सुरुवातीला निपलमध्ये न्यूमॅटिक टूल ऑइलचे दोन-चार थेंब. जास्त काम असेल तर जेवणानंतर परत. इंजिन ऑइल, खोबरेल, गंज सोडवायचे स्प्रे यांतलं काहीही नको. त्यातली रसायनं रबर फुगवतात किंवा त्यावर चिकट थर बसवतात. काही गन बिनतेलाच्या असतात आणि तसं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. त्यात तेल घालू नका. लाइनला ल्युब्रिकेटर (हवेत तेल सोडणारं भांडं) असेल तर त्यात तेल आहे का ते बघा, कित्येकदा तो कोरडाच टांगलेला असतो.

६. पुढची सेफ्टी आणि ट्रिगर

डबल फायरची, म्हणजे एका दाबात दोन खिळे सुटण्याची, तक्रार इथे येते, आणि या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

गनच्या नाकाला जी सरकणारी टिप असते, ती लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटू नये म्हणून असते. ओल्या लाकडाचा चीक आणि भुसा साचून ती अडकते. कारागिराला ती त्रासाची वाटते आणि तो तारेने नाहीतर ट्यूबच्या रबराने ती मागे बांधून टाकतो. बांधलेली टिप दिसली की गन बाजूला ठेवा. मालक असाल तर ही गोष्ट तुमची जबाबदारी आहे, पोरावर ढकलू नका. टिप का अडकत होती ते सोडवलं की बांधायची गरजच राहत नाही.

पाइप आणि खिळे काढून टिप लाकडावर दाबा. ती सहज आत जायला हवी आणि सोडताच झटक्यात बाहेर यायला हवी. कोरड्या ब्रशने साफ करा, स्प्रिंग थकली असेल तर बदला.

मग खिळे न भरता पाइप जोडा आणि गन जमिनीकडे, पायांपासून लांब धरून तपासा. टिप न दाबता ट्रिगर ओढला, तर काही होता कामा नये. ट्रिगर न ओढता टिप लाकडावर दाबली, तरी काही होता कामा नये. सिक्वेन्शियल ट्रिगर (म्हणजे काय ते खाली आहे) असेल तर आधी ट्रिगर ओढून मग टिप दाबली, तेव्हाही गन गप्पच राहायला हवी. यांतल्या एकाही वेळी ठोका पडला तर ती गन कामाला द्यायची नाही. रोज सकाळी हे करायला मिनिटही लागत नाही.

सिक्वेन्शियल म्हणजे आधी टिप टेकवायची, मग ट्रिगर, आणि पुढच्या खिळ्यासाठी परत ट्रिगर सोडायचा. कॉन्टॅक्ट ट्रिगरमध्ये बोट दाबूनच ठेवायचं आणि गन आपटत जायची. वेग मिळतो हे खरं, पण धक्क्याने गन उसळून परत टेकली की दुसरा खिळा सुटतो. अमेरिकेतल्या ओशा आणि नायॉश या सरकारी संस्थांच्या 2011 च्या मार्गदर्शिकेत कॉन्टॅक्ट ट्रिगरवर इजेचा धोका सिक्वेन्शियलच्या दुप्पट असल्याचं नोंदवलंय. नव्या पोराच्या हातात कॉन्टॅक्ट ट्रिगर देऊ नका. ट्रिगर बदलायचा संच बऱ्याच गनला मिळतो. आणि गन घेऊन चालताना, शिडी चढताना, दुसऱ्याला देताना बोट ट्रिगरवर नको. शिडीवर तर पाइपच काढलेला बरा.

७. आता गन उघडायची

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तरच. गळती कुठून आहे ते आठवा. गन नुसती ठेवलेली असताना कॅपमधून, म्हणजे हवा बाहेर पडते त्या तोंडातून गळत असेल तर हेड व्हॉल्व्हची ओ-रिंग किंवा कॅपखालचं गॅस्केट. ट्रिगरपाशी गळत असेल तर ट्रिगर व्हॉल्व्ह. नाकातून गळत असेल तर बंपर किंवा पिस्टनची रिंग.

ओ-रिंग किट मॉडेल नंबर सांगूनच घ्या. मापाने जवळची रिंग बसते, पण ती टिकत नाही. जुनी रिंग बोटांत फिरवून बघा. एका बाजूला सपाट झाली असेल किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर ती गेली. उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. नवी रिंग बसवताना तिला न्यूमॅटिकचं ग्रीस लावा. कॅपचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करत आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर कॅप तिरकी बसते आणि गळती कायम राहते.

ब्लेडचं टोक गोल झालं असेल तर ग्राइंडरवर घासायचा मोह आवरा. घासल्याने ती आखूड होते आणि खिळा परत वरच राहतो, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच आलात. नवी बसवा.

कुठे थांबायचं

ट्रिगर व्हॉल्व्ह बदलूनही डबल फायर होत असेल, बॉडीला किंवा नाकाला तडा असेल, गनच्या सिलेंडरच्या आतून बोट फिरवल्यावर चर लागत असतील, तर स्वतः काही करू नका. सर्व्हिस सेंटर गाठा. तडा गेलेल्या बॉडीला वेल्डिंग किंवा एमसील चालत नाही. ती गन बाद झाली.

कॉम्प्रेसरची टाकी तर शेडमध्ये उघडायचीच नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात सांगलीत कित्येक कॉम्प्रेसर पाण्यात होते. मोटर वाइंडिंग करून ते परत चालू झाले, पण आतून टाकी कुणी बघितली नाही. ड्रेनमधून गंजाचे पापुद्रे येत असतील, टाकीला फुगवटा किंवा घाम आल्यासारखा ओलावा दिसत असेल तर ती बंद करा. भोकावर वेल्डिंग मारून परत प्रेशर भरणं म्हणजे टाकी फुटायची वाट बघणं. दाबाखालच्या टाक्यांची तपासणी सक्षम माणसाकडूनच व्हायला हवी. सेफ्टी व्हॉल्व्हवरची सेटिंग आवळू नका. तो सारखा उडत असेल तर दोष प्रेशर स्विचमध्ये शोधा, आणि तेही इलेक्ट्रिशियनला शोधू द्या.

खिळा हातात किंवा पायात गेला तर जागेवर ओढून काढू नका. दिसायला भोक लहान असतं, पण खिळा हाडाला, सांध्याला, शिरेला लागलेला असू शकतो. कॉइलची तार आणि कपड्याचा धागाही आत ओढला जातो. खिळा हलणार नाही असं कापड गुंडाळा आणि मिरज-सांगलीच्या सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या, तिथे एक्स-रे काढून तो काढतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. डोळ्याला लागलं असेल तर चोळू नका, पाणी मारू नका, वरून कपसारखं काहीतरी झाकून न्या. रुग्णवाहिकेला 108.

गन दुरुस्तीला नेताना नुसती गन नेऊ नका. रोजच्या वापरातले थोडे खिळे, ज्या लाकडावर अडचण येते त्याचा फूटभर तुकडा, आणि पाइपच्या टोकाचा कपलर सोबत ठेवा. पाइपची लांबी आणि कॉम्प्रेसर किती एचपीचा आहे ते कागदावर लिहून न्या. एवढं समोर असलं की दुरुस्ती करणाऱ्याला तुमच्याच मालावर गन चालवून बघता येते, आणि गन दोनदा न्यावी लागत नाही.